उडी साधेल का? फाशांना विचारा!

आयर्लंडमधील कॉर्क शहरात युनिव्हर्सिटी कॉलेजचे विद्यार्थी ‘वॉर्पकॉन’ नावाचा एक मेळावा भरवतात. १९९० च्या दशकापासून चालत आलेला हा मेळावा साधारणपणे जानेवारीच्या अखेरीस असतो. खोल्या मिळवण्यापासून वेळापत्रकापर्यंत सारा भार विद्यार्थ्यांच्याच अंगावर! येथे मैदानी खेळ नसतात. टेबलाभोवती पाचसहा जण बसतात. एक जण गोष्ट सांगू लागतो आणि बाकीचे त्या गोष्टीतील एकेक पात्र होतात.

समजा, तुम्ही त्या टेबलाशी बसला आहात. गोष्ट सांगणारा म्हणतो, “पुढे दरी आहे. काय करणार?” तुम्ही म्हणता, “उडी मारणार!” आता उडी साधली की नाही, हे कोणी ठरवायचे? तुम्हीच ठरवलेत तर तुम्ही कधी पडणारच नाही. त्याने ठरवले तर पक्षपाताची शंका येईल. शिवाय टेबलाभोवतीची मंडळी तासापूर्वी एकमेकांना ओळखतही नव्हती. म्हणून निवाडा फाशांवर सोपवतात. पण कोणत्या फाशांवर? प्रश्न वाटतो तितका साधा नाही.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा या जातीचा पहिला गाजलेला खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केला. त्यात आज असे निवाडे वीस पृष्ठांच्या फाशाने होतात. सारख्या आकाराचे वीस समभुज त्रिकोण जोडून हा फासा बनतो. १९८६ मध्ये आलेल्या ‘गर्प्स’ या खेळात मात्र आपल्या ल्यूडोसारखे सहा पृष्ठांचे तीन फासे एकदम टाकून बेरीज घेतात.

दोन्ही रीतींत सरासरी दान १०.५ च येते. मग फरक काय?

वीस पृष्ठांच्या फाशावर प्रत्येक आकड्याला सारखीच संधी असते, २० पैकी १. तीन फाशांचे तसे नाही. ते २१६ प्रकारे पडू शकतात (६ × ६ × ६). त्यांपैकी १८ ची बेरीज एकाच प्रकारे होते, तर १० ची २७ प्रकारे. ९ ची किती? येथे भलेभले फसत. ९ साठी आकड्यांचे सहा गट मिळतात, १० साठीही सहाच. तरी जुन्या जुगाऱ्यांना १० किंचित जास्त वेळा पडते असे वाटे. गॅलिलिओने सतराव्या शतकात याचा उलगडा केला. १, २, ६ हा गट तीन फाशांवर सहा प्रकारे येतो, ३, ३, ४ हा तीन प्रकारे आणि ३, ३, ३ हा एकाच प्रकारे. सारे मोजले की ९ चे प्रकार २५ भरतात. इतका बारीक फरक ज्यांनी नुसत्या अनुभवाने हेरला, त्या जुगाऱ्यांनी किती दाने टाकली असतील!

आता दरीकडे वळू या. उडीला १५ किंवा अधिक दान हवे असे ठरले. वीस पृष्ठांच्या फाशाने ती १०० पैकी ३० वेळा साधेल. तीन फाशांनी २१६ पैकी २० प्रकारे, म्हणजे शंभरात जेमतेम ९ वेळा. उलट दरी अरुंद असून ८ किंवा अधिक पुरणार असेल, तर पहिल्या रीतीत शंभरात ६५ वेळा यश आणि दुसऱ्या रीतीत सुमारे ८४ वेळा. म्हणजे तीन फाशांच्या जगात सोपे काम बहुधा होते आणि अवघड काम बहुधा फसते. एका फाशाच्या जगात नवखा पराक्रम करतो आणि कसलेला वीर उंबऱ्याला अडखळतो. गोष्ट रंगवायची असेल तर मला दुसरे जग आवडेल. प्रत्यक्षात राहायला मात्र पहिलेच बरे.

जाता जाता एक गंमत. कॉर्कचे हे महाविद्यालय पूर्वी क्वीन्स कॉलेज होते, आणि १८४९ मध्ये तेथे गणिताचे पहिले प्राध्यापक म्हणून आले जॉर्ज बूल. त्यांच्या १८५४ च्या प्रसिद्ध ग्रंथात तर्कशास्त्राबरोबर संभाव्यतेचेही गणित आहे.

तीन रंगांचे तीन फासे मिळवा आणि मित्रांत वाटून २१६ दाने टाका. प्रत्येक बेरीज किती वेळा आली ते आलेखावर मांडा. १० बरोबर २७ वेळा येईलच असे नाही. पण आलेखाचा उंचवटा कोठे येतो ते पाहा आणि तेवढीच दाने पुन्हा टाकून दोन्ही आलेख शेजारी ठेवा.