खेळू द्या, पण डोळे सांभाळून!

परीक्षा संपल्या की सोसायटीचे आवार, गल्ल्या आणि मैदाने मुलांनी फुलून जातात. कुठे क्रिकेट, कुठे बॅडमिंटन, तर गावाकडे विटीदांडू. गुडघा फुटला की आई हळद लावते आणि मूल पुन्हा खेळायला पळते. डोळ्याच्या बाबतीत मात्र हा हिशेब चालत नाही. गुडघ्याची जखम भरून येते. डोळ्याच्या आतील पडद्याला इजा झाली, तर गेलेली नजर पूर्ण परत येईलच असे नाही.

त्यातच भर म्हणजे, डोळ्याला लागलेले मुले घरी सांगत नाहीत. ओरडा बसेल, उद्यापासून खेळणे बंद होईल, ही भीती असते. डोळा लाल दिसला, तर 'धूळ गेली' असे सांगून मोकळी होतात. या लपवाछपवीत उपचारांचा मोलाचा वेळ निघून जातो.

लहान वस्तू, मोठा धोका

निसर्गाने डोळा हाडांच्या खोबणीत बसवला आहे. या खोबणीचे तोंड साधारण 4 सेंटीमीटर रुंद असते. क्रिकेटचा चेंडू सुमारे 7 सेंटीमीटरचा, त्यामुळे त्याचा काही मार भुवईचे आणि गालाचे हाड झेलते. पण बॅडमिंटनच्या फुलाचे बूच जेमतेम अडीच सेंटीमीटरचे, म्हणजे जवळपास बुबुळासह संपूर्ण डोळ्याएवढेच असते. ते सरळ आत शिरते. वजन जेमतेम 5 ग्रॅम असले तरी त्याचा वेग पाहा: भारताच्या सात्विकसाईराज रंकीरेड्डीने 2023 मध्ये ताशी 565 किलोमीटर वेगाने स्मॅश मारून विक्रम केला. गल्लीतले फूल इतके वेगवान नसते, पण समोरचा खेळाडू चारच पावलांवर उभा असेल, तर पापणी मिटायलाही सवड मिळत नाही. दोन्ही टोकांना निमुळती विटी तर त्याहून धोकादायक!

अनुभवी खेळाडूही यातून सुटलेले नाहीत. भारताचे यष्टिरक्षक सबा करीम यांना 2000 साली ढाक्यातील आशिया चषक स्पर्धेत डोळ्याला चेंडू लागला. त्यानंतर त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द फार काळ टिकली नाही. दक्षिण आफ्रिकेचा मार्क बाउचर 2012 मध्ये इंग्लंडमधील एका सराव सामन्यात हेल्मेट न घालता यष्टींमागे उभा होता. यष्टीवरून उडालेली बेल डाव्या डोळ्यावर आदळली आणि त्याला निवृत्त व्हावे लागले.

चष्मा म्हणजे संरक्षण नव्हे

'आमच्या मुलाला चष्मा आहे, काळजी नाही,' असे अनेक पालकांना वाटते. काचेचा चष्मा फुटला, तर तुकडे डोळ्यात जाऊ शकतात. साध्या प्लॅस्टिकची भिंगेही जोराच्या माराने तुटतात. खेळासाठी पॉलिकार्बोनेट भिंगांचे, डोक्यामागे पट्टा असलेले खास गॉगल मिळतात. चष्म्याचा नंबरही त्यात घालून घेता येतो. ज्या मुलाची एकच डोळ्याने नीट नजर आहे, त्याने तर याशिवाय मैदानात उतरूच नये.

सीझन बॉलने खेळताना फलंदाजाने आणि यष्टिरक्षकाने जाळीचे हेल्मेट घालावे. घेताना जाळीच्या फटीतून, तसेच हेल्मेटची कड आणि जाळी यांच्यामधून चेंडू आत जात नाही ना, हे मुलाच्या वापरातलाच चेंडू लावून पाहावे. मोठ्यांचे हेल्मेट मुलांना देऊ नये.

लागलेच तर?

धीर सोडू नका. पदराचा बोळा करून त्यावर फुंकर घालायची आणि डोळा शेकायचा, ही आपली जुनी सवय. पण माराने डोळा फाटला असेल, तर हा थोडासा दाबही नुकसान करतो. म्हणून डोळा चोळू नये, दाबू नये. दूध, मध, गुलाबपाणी किंवा घरातले जुने ड्रॉप्स घालू नयेत. काही रुतले असेल, तर उपसून काढू नये. कागदी पेल्याचा तळ डोळ्याला न टेकता, कडा हाडावर येतील असा वरून ठेवून चिकटपट्टीने बसवावा. मुलाला डोके उंच ठेवून तडक नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे. ॲस्पिरिन देऊ नये. त्याने रक्तस्राव वाढू शकतो. डोळा फाटल्याची शंका असेल, तर खायला-प्यायलाही देऊ नये, कारण शस्त्रक्रिया करावी लागू शकते.

एक प्रसंग मात्र वेगळा. कबड्डी, खो-खोचे मैदान आखताना फक्की वापरतात. त्यात चुना असेल, तर तो डोळा जाळतो. अशा वेळी डॉक्टरांकडे धावण्याआधी, जागेवरच, पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळा किमान 15 ते 20 मिनिटे धुवावा. आखणीचे काम मुलांना देऊच नये, हे उत्तम.

ही लक्षणे ओळखा

बाहेरून डोळा साधा दिसत असला, तरी अंधुक दिसणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, बाहुलीपुढे रक्त साचणे, दोन बाहुल्या लहान-मोठ्या होणे, मार लागल्यावर उलट्या होणे, डोळ्यापुढे विजा चमकणे, काळे ठिपके किंवा पडदा येणे, यांपैकी काहीही आढळले तर त्याच दिवशी दाखवावे. दुखणे थांबले म्हणजे डोळा बरा झाला, असे समजू नये. जोराच्या माराने काही वर्षांनंतर मोतीबिंदू किंवा काचबिंदू होऊ शकतो. म्हणून असा मार लागलेल्या मुलाच्या डोळ्यांची तपासणी दरवर्षी करून घ्यावी.

खेळ बंद करणे हा यावरचा उपाय नाही. घरात एकच नियम करा: डोळ्याला लागले तर लगेच सांगायचे, त्याबद्दल कुणीही रागावणार नाही. आणि हा शब्द आपण मोठ्यांनी पाळायचा. मूल विश्वासाने आपल्याकडे धावत आले, तर त्याची नजर वाचण्याची शक्यता कितीतरी वाढते.