भिंतीला हात न लावता आवाज कसा सुधारायचा?

आजचा प्रश्न: वास्तू संरक्षित आहे, भिंतीत खिळाही ठोकायचा नाही, पण आतला आवाज मात्र घुमतोय. मग करायचं काय?

उदाहरण घेऊ लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचं. १८७१ मध्ये उद्घाटनाच्या भाषणातच प्रतिध्वनी ऐकू आला. नंतर विनोदच पडला, की ब्रिटिश संगीतकाराला आपली रचना दोनदा ऐकायला मिळेल ती फक्त इथेच!

असं का व्हायचं? साधं गणित आहे. घुमट साधारण ४० मीटर उंच. आवाज वर जाऊन परत येणार, म्हणजे ८० मीटर. सेकंदाला सुमारे ३४० मीटर या वेगाने त्याला जवळपास पाव सेकंद लागतो. परतलेला आवाज ०.०५ सेकंदाच्या आत आला, तर कान त्याला मूळ आवाजातच धरतो. फार उशिरा आला की तो वेगळा ऐकू येतो. त्यात घुमट आतून खोलगट, त्यामुळे तो आवाज गोळा करून खाली फेकतो.

आधी घुमटाखाली मोठं कापड ताणलं. १९४९ मध्ये ते काढून अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे बसवले. तरी प्रतिध्वनी पूर्ण गेला नाही. शेवटी १९६९ मध्ये फायबरग्लासच्या १३५ तबकड्या वरून टांगल्या. लोक त्यांना ‘मशरूम’ म्हणतात. आवाज घुमटापर्यंत पोचण्याआधीच त्या त्याला अडवतात, विखुरतात.

खरी गंमत पुढे आहे. २००१ मध्ये पुन्हा अभ्यास झाला आणि तबकड्या ८५ वर आणल्या. तेवढ्या पुरेशा होत्या. टांगलेल्या होत्या म्हणून उतरवता आल्या. गिलावा केला असता तर? आम्ही सॉफ्टवेअरवाले याला रोलबॅक म्हणतो. जुन्या वास्तूत तो आधी हवा.

आपल्याकडे जुन्या सभामंडपात किंवा वाड्यात कार्यक्रम ठेवताना कुणी थेट पीओपी सुचवलं, तर थांबवा. आधी टाळी वाजवून ऐका. मग जमिनीवर सतरंज्या टाका. जाड पडदे भिंतीला न चिकटवता, थोडं अंतर सोडून स्टँडवर लावा. तसे ते आवाज जास्त शोषतात. एक मोठा स्पीकर पुढे दणकावण्यापेक्षा छोटे स्पीकर लोकांजवळ, कमी आवाजात ठेवा. आणि प्रत्येक उपायाला एकच प्रश्न विचारा: हे उद्या काढलं, तर वास्तू होती तशी राहील ना?