पांडूचे संवाद लिहिणारा पांडू

पिंगुळीहून एका वाचकांनी विचारलंय : दशावतारी नट स्वतःचं भाषण स्वतःच रचतो, मग टीव्हीवर असं कोणी केलंय का? हा प्रश्न मला थांबू देईना.

केलंय, आणि आपल्याच सिंधुदुर्गात. २२ फेब्रुवारी २०१६ला झी मराठीवर 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली. चित्रीकरण आकेरीच्या वाड्यात. त्यातला 'इसारलंय' म्हणणारा पांडू सगळ्यांना आठवतो. तो साकारणारे प्रल्हाद कुडतरकर हेच मालिकेचे संवादलेखक.

ज्याच्या हातात लेखणी, त्याने स्वतःला लांबलचक भाषणं लिहिली असती तर कोण अडवणार होतं? कुडतरकरांनी स्वतःकडे विसरभोळा गडी घेतला. पांडू काहीतरी सांगायला येतो, तोंड उघडतो आणि नेमकं तेच विसरतो. रहस्यकथेत लेखकाला माहिती दडवावी लागते; दडवताना ओढूनताणून केलं की प्रेक्षक चिडतो. इथे पांडूच विसरला, मग रागवायचं कोणावर? शिवाय भीतीच्या प्रसंगात हसूही येतं. त्या आठवण्याच्या धडपडीत किती वेळ थांबायचं, हे कागदावर लिहून भागत नाही. ते नटालाच कळतं. म्हणून मला पांडू हे लेखकातल्या नटाचं काम वाटतं.

आता वाचकाच्या तुलनेकडे येऊ. दशावतारात आख्यान ठरलेलं असतं, संहिता नसते. रंगपटात तोंडाला रंग लावता लावता प्रवेशांचा क्रम ठरतो. पुढे रंगमंचावर एक बाकडं, बाजूला पेटी-मृदंग-झांज, आणि राजाने राक्षसाला काय सुनवायचं ते ज्याचं त्याने बघायचं. भाषण लांबलं की समोरची माणसं चुळबुळतात, नट आवरतं घेतो. मालिकेच्या लेखकासमोर प्रेक्षक नसतो. पण तो लेखकच नटही असला, तर आपलं वाक्य सेटवर दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला तरी मिळतं.

मालवणीचा प्रश्न याहून अवघड होता. ही भाषा नागपूर-लातूरच्या घरातही पोचायला हवी होती. इथे मालिकेतल्या नाईक कुटुंबाची रचनाच कामाला आली : गावातली माणसं मालवणी बोलतात, मुंबईहून आलेली सून नीलिमा प्रमाण मराठी. एकाने मालवणीत विचारलं, दुसरीने मराठीत उत्तर दिलं की अर्थ आपोआप लागतो. भाषांतर करायला वेगळं पात्र उभं करावं लागत नाही.

सुरुवातीला मालिकेला जिल्ह्यातून विरोध झाला, अंधश्रद्धा पसरते म्हणून. ती तक्रार कथानकाबद्दल होती आणि तिच्यावर वाद व्हायलाच हवा. संवादांचं श्रेय त्यामुळे कमी होत नाही. २०१९च्या दुसऱ्या भागात कथा मागे गेली, पहिल्या भागाच्या आरंभीच वारलेले अण्णा नाईक जिवंत समोर आले. अण्णा साकारणाऱ्या माधव अभ्यंकरांच्या तोंडची ती जरबेची मालवणी आणि पांडूची अडखळती मालवणी एकाच लेखणीतली आहे. दोघांचे प्रवेश लागोपाठ बघा आणि वाक्यांची लांबी ताडून पाहा.