मनाचा आजार, पण पाय चालते हवेत

कोगनोळीच्या महामार्गावरून उत्तरेला गेलं की कोल्हापूर, दक्षिणेला बेळगाव आणि पुढे धारवाड. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तीव्र नैराश्य आलं, भास होऊ लागले किंवा स्मृतिभ्रंश बळावला, की सीमाभागातली कुटुंबं याच रस्त्याने निघतात. कुणी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात जातं, कुणी धारवाडच्या डिमहान्सला. १८४५ साली मनोरुग्णालय म्हणून सुरू झालेली धारवाडची ही संस्था आजही या भागाचा मोठा आधार आहे. पेशंट ॲडमिट झाला की नातेवाईक गोळ्यांची चौकशी करतात; फिजिओथेरपीबद्दल मात्र क्वचितच कुणी विचारतं. त्यामागे काही पक्के गैरसमज आहेत.

गैरसमज : आजार मनाचा आहे, व्यायामाचा काय संबंध?
वस्तुस्थिती : तीव्र नैराश्यात हालचाली मंदावतात, भूक मरते, माणूस अंथरूण सोडत नाही. उलट व्यायामाने मनही सावरतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने १९९९ मध्ये पन्नाशीपुढच्या १५६ नैराश्यग्रस्तांवर अभ्यास केला. १६ आठवड्यांनंतर नियमित व्यायाम करणाऱ्यांना औषध घेणाऱ्यांइतकाच फरक पडला होता. पण म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत. गोळ्यांच्या जोडीला व्यायाम हवा.

गैरसमज : दवाखान्यात आहेत तोवर निवांत पडून राहू देत.
वस्तुस्थिती : उतारवयात पडून राहणं फार महाग पडतं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धडधाकट वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर त्यांच्या पायांचं जवळपास एक किलो स्नायुवजन घटलं. आजारी माणसाची ताकद त्याहून लवकर जाते. वर्षानुवर्षं मांडीवर सूप घेऊन विड्या वळलेल्या निपाणीकडच्या आजींचे गुडघे नि कंबर आधीच आखडलेली असते. त्यांना तर पडून राहणं मुळीच परवडत नाही.

गैरसमज : अंग ताठरलं, पावलं घसटायला लागली, वय झालं, दुसरं काय!
वस्तुस्थिती : भास-भ्रमावरच्या काही औषधांनी अंग ताठरतं, हात थरथरतात, चाल मंदावते. काही गोळ्यांनी उठताना रक्तदाब उतरून चक्कर येते, काहींनी गुंगी राहते. चालण्यातला असा बदल फिजिओथेरपिस्टच्या लवकर लक्षात येतो आणि डॉक्टर औषधाचा डोस तपासू शकतात. नातेवाइकांनीही हा बदल सांगावा. गोळी मात्र परस्पर बंद करू नये.

गैरसमज : पडतील, म्हणून उठूच द्यायचं नाही.
वस्तुस्थिती : न उठल्याने पाय आणखी कमजोर होतात आणि पडण्याचा धोका वाढतो. फिजिओथेरपी म्हणजे नुसता शेक आणि मालिश नव्हे. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, एवढ्या साध्या चाचणीतून तोलाचा अंदाज येतो. मग पायांची ताकद, तोल आणि काठी किंवा वॉकर वापरण्याचा सराव ठरतो. पडू नये म्हणून पेशंटला बांधून ठेवण्याबद्दल २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा स्पष्ट आहे : तातडीची इजा टाळायला दुसरा मार्गच नसेल तेव्हाच, तेही मनोविकारतज्ज्ञांच्या परवानगीने. कर्मचारी कमी आहेत, हे कारण चालत नाही.

गैरसमज : त्यांना काही कळत नाही, व्यायाम काय शिकवणार?
वस्तुस्थिती : स्मृतिभ्रंशात नवी सूचना लक्षात राहत नाही, पण जन्मभर अंगवळणी पडलेल्या हालचाली बराच काळ टिकतात. एका वेळी एकच छोटं वाक्य बोलावं आणि स्वतः करून दाखवावं. धारवाडला ॲडमिट झालेल्या, पण कन्नड न येणाऱ्या आजी-आजोबांसाठी हे आणखी महत्त्वाचं. "उठा", "पाय उचला", "धरा" हे आपल्या बोलीतले शब्द वॉर्डातल्या लोकांना नातेवाइकांनी सांगून ठेवावेत.

डिस्चार्ज घेताना चार गोष्टी विचारून घ्या : घरी कोणता व्यायाम, दिवसातून किती वेळा, आधार कुठे धरायचा आणि कधी थांबायचं. संडास-बाथरूममध्ये धरायला दांडी बसवा, रात्री वाटेवर दिवा ठेवा. अडचण आली तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. मन सावरल्यावर अंगणात जाण्याइतकी ताकद पायांत उरली पाहिजे, आणि त्याची सोय ॲडमिट झाल्यापासूनच करावी लागते.