मुरगुडात लेखकाची सही

मुरगूड भागात वाचकाला लेखक भेटतो तो सभेत. पुण्या-मुंबईत नवे पुस्तक आले की दुकानात टेबल मांडले जाते, लेखकाला तासभर बसवले जाते आणि वाचक रांगेने सही घेतात. वेदगंगेच्या काठच्या, कागल तालुक्यातल्या या गावात नगरपरिषद आहे, महाविद्यालय आहे, बाजारपेठही बरी आहे. पण पुस्तकांचे दुकान म्हणजे मुख्यतः वह्या, गाईड आणि शालेय पुस्तकांचे दुकान. कथा-कादंबरी येते ती वाचनालयातून, प्रदर्शनातून, नाहीतर कोल्हापूरला गेलेल्या माणसाच्या पिशवीतून. त्यामुळे सही हा इथे स्वतंत्र कार्यक्रम होत नाही. दुसऱ्याच कशाच्या तरी शेवटी, व्यासपीठाच्या पायरीवर, चहाच्या टेबलाशी किंवा गाडीच्या दारात ती उरकली जाते.

हे ‘दुसरे काहीतरी’ ठरावीक असते. महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळाचे उद्घाटन, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, कुणाच्या तरी पहिल्या कवितासंग्रहाचे प्रकाशन, ग्रामीण साहित्य संमेलन आणि व्याख्यानमाला. यांत व्याख्यानमालेची परंपरा जुनी. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे ती रीत गावोगाव पोचली. पहिले पुष्प, दुसरे पुष्प अशा हिशेबाने दिवस मोजले जातात. सगळी पुष्पे लेखकांचीच असतात असे नाही. एक पोलीस अधिकारी, एक शिवव्याख्याते, मधुमेहावर बोलणारे एक डॉक्टर अशा यादीत एखादे पुष्प कथाकाराच्या किंवा कादंबरीकाराच्या वाट्याला येते. गर्दीच्या बाबतीत त्याचा नंबर बहुधा शेवटून पहिला लागतो, पण सहीसाठी थांबणारे श्रोते त्याच दिवशी सर्वांत जास्त असतात.

वेळ ठरते ती गावाच्या कामावरून. म्हशींची धार काढून, डेअरीला दूध घालून, हातपाय धुऊन माणूस मोकळा होतो तोवर सात वाजतात. पत्रिकेवर सायंकाळी सहा छापलेले असते. सातपर्यंत माइकची चाचणी आणि सतरंज्या चालतात. हिवाळ्यात उसाचा हंगाम असतो. बिद्री, हमीदवाडा, कागल अशा तिन्ही दिशांना साखर कारखाने असल्याने रस्त्यावर ट्रॅक्टरमागे जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्यांच्या रांगा लागतात, आणि कोल्हापूरहून निघालेल्या पाहुण्यांची गाडी त्यांच्या मागे अडकते. ‘साहेब येऊन पोचतील एवढ्यात’ असे सांगत सूत्रसंचालकाला अर्धा तास भरून काढावा लागतो. हे काम ज्याला साधते तोच पुढच्या वर्षी पुन्हा सूत्रसंचालक होतो.

लेखकाला बोलावण्याचे काम जवळजवळ नेहमी एखाद्या शिक्षकाकडे किंवा प्राध्यापकाकडे असते. तो लेखकाचा जुना विद्यार्थी, कधी कुठल्या शिबिरातला सोबती, किंवा नुसताच पत्र लिहून ओळख करून घेतलेला वाचक. आधी तारीख ठरते, मग गाडी कोण पाठवणार हे, आणि सगळ्यांत शेवटी, आवाज थोडा खाली आणून, मानधन. पुस्तकांचा विषय त्याहून अवघड. आपल्या प्रती आपणच गाडीच्या डिकीत घालून आणायच्या आणि आपल्याच भाषणानंतर विकायच्या, याचा बऱ्याच लेखकांना संकोच वाटतो. नवख्यांना तो कमी असतो, कारण त्यांचे पुस्तक बहुधा स्वतःच्या पैशाने छापलेले असते. संयोजकाला वाचनाची आवड असली तर तो आठवडाभर आधी कोल्हापूरच्या विक्रेत्याला फोन करून वीस-पंचवीस प्रती मागवतो. न विकलेल्या प्रती परत घेण्याच्या बोलीवर त्या येतात. तसे झाले नाही तर लेखक येतो, बोलतो, जातो आणि त्याचे एकही पुस्तक सभागृहात नसते. असे कार्यक्रम कमी नाहीत.

प्रत्यक्ष सभेचा क्रम आता कुणाला सांगावा लागत नाही. प्रतिमापूजन, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय. मग सत्कार, आणि तो एका माणसाचा नसतो. शाल, श्रीफळ आणि फेटा लेखकाला मिळतो. त्यानंतर देणगीदार, आजी-माजी पदाधिकारी, मंडप घालणारा, सभागृह देणारा अशी नावे पुकारली जातात. लेखक खुर्चीत ताठ बसून प्रत्येकाला टाळ्या वाजवतो. फेट्याखाली कपाळावर घाम येतो, तरी तो काढायचा नाही असा अलिखित नियम आहे. तासभर गेल्यावर लेखक उभा राहतो, आणि परिचयात त्याच्या पुस्तकांची नावे चुकली असली तर पहिली दोन मिनिटे ती दुरुस्त करण्यात जातात.

या पट्ट्यात लेखकाकडून एक खास अपेक्षा असते. त्याला बोलता आले पाहिजे. तिचे मूळ कथाकथनात आहे. पट्टणकोडोलीचे शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी महाराष्ट्रभर हिंडून कथा सांगितल्या, आणि कथा ही ऐकायचीही गोष्ट आहे हे ज्यांच्या घरात पुस्तक नव्हते त्यांनाही पटवले. त्या कार्यक्रमांच्या आठवणी सांगणारी माणसे अजून भेटतात. पण त्याचा तोटाही झाला. कागदावर उत्तम लिहिणारा आणि माइकसमोर अडखळणारा लेखक इथे पडतो. श्रोते उठून जात नाहीत, तेवढा पाहुणचार सांभाळतात. पण चुळबुळ सुरू होते, मागच्या रांगेत मोबाइल उजळतात. उलट, बोलायला फर्डा आणि लिहायला सामान्य असलेल्या लेखकाच्या प्रती सभा संपताच खपतात. सहीच्या गर्दीवरून लेखनाची प्रत ठरवू नये, हे संयोजकांनाही माहीत असते. तरी पुढच्या वर्षीची नावे काढताना त्याच गर्दीची आठवण निघते.

आभार झाले, पसायदान झाले, की सहीचा भाग सुरू होतो. त्याची रांग नसते. लेखकाला खाली उतरू न देता पायरीवरच लोक गाठतात. पहिली येतात ती शाळेची मुले. त्यांच्याजवळ पुस्तक नसते. गृहपाठाच्या वहीचे शेवटचे पान असते. एकाने मागितली की सगळ्यांना हवी असते आणि लेखक दहा-पंधरा मिनिटे वह्यांवर एकच अक्षर गिरवत राहतो. पूर्वी रंगीत पानांची छोटी स्वाक्षरीची वही मिळे आणि तीत सहीबरोबर ‘संदेश’ही मागत. आता वह्या गेल्या, संदेशाची मागणी मात्र टिकून आहे. ‘सर, काहीतरी लिहा की’ म्हटल्यावर लेखक बहुधा ‘वाचत राहा’ एवढेच लिहितो, कारण मागे अजून वीस हात पुढे आलेले असतात. कधी एखादा विद्यार्थी भलत्याच लेखकाचे पुस्तक पुढे करतो. हाताशी होते ते त्याने आणलेले असते. काही लेखक हसून त्यावरही सही करतात, काही ‘हे माझे नव्हे’ म्हणून परत देतात. पहिल्यांचे वागणे जास्त बरोबर म्हणावे लागेल. मुलाला सही माणसाची हवी असते, ग्रंथकाराची नव्हे.

मुले पांगली की मोठी माणसे पुढे येतात. पुस्तक विकत घेतलेला वाचक ते मुखपृष्ठ उघडून पहिल्या कोऱ्या किंवा नुसते नाव छापलेल्या पानावर धरतो. लेखक विचारतो, ‘नाव काय?’ इथे बरेचजण स्वतःचे नाव सांगत नाहीत. ‘पोरीच्या नावानं लिहा, ती बारावीला हाय’, ‘आमच्या गुरुजींच्या नावानं द्या’ अशी मागणी असते. आडनाव ऱ्हस्व की दीर्घ, हे विचारून घेणारा लेखक नंतर मनस्तापातून वाचतो. ‘सस्नेह’ किंवा ‘शुभेच्छांसह’, खाली सही, तारीख, आणि काळजीपूर्वक लिहिणारा असेल तर ‘मुरगूड’. गावाचे नाव पडलेली प्रत घरात वेगळी ठेवली जाते. गुळगुळीत कागदावर शाईपेनाची सही लगेच पुसटते, म्हणून अनुभवी लेखक खिशात साधे बॉलपेन ठेवतात आणि पान मिटण्याआधी क्षणभर थांबतात. फोटोसाठी मात्र कुणी थांबत नाही. पेन चालू असतानाच कुणाचा तरी हात मोबाइल धरून खांद्यावरून पुढे येतो.

पण सर्वांत मन लावून वाचणारा माणूस पुष्कळदा रिकाम्या हाताने उभा असतो. त्याने लेखकाची सगळी पुस्तके वाचलेली असतात आणि एकही त्याच्या मालकीचे नसते. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांची वाचनालये गावोगाव उभी राहिली, आणि गावातल्या बहुतेक वाचकांचे वाचन त्यांच्या कपाटांवर झाले. त्या प्रतीवर वाचनालयाचा शिक्का, दाखल क्रमांक आणि मागच्या वाचकांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा असतात. ती सहीसाठी पुढे करणे अनेकांना अप्रशस्त वाटते. काही ग्रंथपाल यावर तोड काढतात. ते लेखकाच्या वाचनालयातल्या प्रती आधीच गोळा करून आणतात आणि त्यांवर संस्थेच्या नावाने सही घेतात. पुढे या प्रतींचे दोन प्रकारे होते. कुठे त्या काचेच्या कपाटात बंद होऊन कुणालाच मिळत नाहीत, कुठे त्या नेहमीसारख्या फिरत राहतात. दुसरी पद्धत अर्थातच चांगली. पान सुटले, कोपरे मऊ झाले, तरी सही वाचली जाते.

अशा वाचकाचे लेखकाशी बोलणे सहीपेक्षा लांबते. तो पात्रांची चौकशी करतो. ‘तो म्हातारा खरंच होता काय?’, ‘शेवट असा का केला?’ इथल्या मातीतल्या लेखकाला तर याहून टोकदार प्रश्न येतात. आनंद यादव कागलचे. ‘झोंबी’त त्यांनी स्वतःच्या शिक्षणासाठीची धडपड मांडली आणि १९९० साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ती वाचताना या तालुक्यातला वाचक रस्ते आणि मळे ओळखत जातो. राजन गवस यांनी गारगोटीच्या महाविद्यालयात दीर्घकाळ शिकवले. त्यांच्या ‘तणकट’ला २००१ चा अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातले गाव आपलेच, असे समजणारी गावे अनेक असावीत. अशा लेखकाला आपण ओळखतो, आपले बोलणे त्याने पुस्तकात घातले, असा हक्क वाचक गाजवतो. तो कौतुकाचा असतो तसा तक्रारीचाही.

निपाणी आणि गारगोटी मुरगूडपासून तासाभराच्या आत. या टापूत लेखक भेटायला सभा लागतेच असे नाही. निपाणीचे महादेव मोरे २०२४ मध्ये वारले. त्यांची पिठाची गिरणी होती, आणि ‘पिठाक्षरं’ या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच ती आहे. दळण घेऊन आलेले गिऱ्हाईक आणि कथा वाचून आलेला वाचक त्यांना एकाच दारात भेटत. कोल्हापूर जिल्ह्यात किंवा सीमाभागात लिहिणारे पुष्कळजण शिक्षक, शेतकरी, कारकून असेच होते आणि आहेत. त्यांची भेट एसटी स्टँडवर, बाजारात, लग्नाच्या पंगतीत होते. तिथे सही मागणे दोघांनाही विचित्र वाटते. ‘वाचलं तुमचं’ एवढे बोलून विषय पावसावर जातो.

मोठ्या भेटी संमेलनात. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९७४ मध्ये इचलकरंजीला झाले, अध्यक्ष पु. ल. देशपांडे, १९९२ मध्ये कोल्हापूरला झाले, अध्यक्ष रमेश मंत्री. अशा वेळी एका दिवसात दहा लेखक दिसतात आणि एकाशीही धड बोलता येत नाही. मंडपापासून गाडीपर्यंतच्या वाटेवर कागद पुढे करायचा, चालता चालता केलेली रेघ घ्यायची. ग्रंथप्रदर्शनाच्या गाळ्यात प्रकाशकाने लेखकाला बसवले असेल तरच शांतपणे सही मिळते. आणि लेखकाला भेटायचेच नसेल तर यांपैकी कशाचाच उपयोग नाही. बेळगावचे जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहिले, सभा-समारंभ कटाक्षाने टाळत. पण वाचक-मित्रांना त्यांनी भरभरून पत्रे लिहिली आणि नंतर त्यांचे खंड निघाले. ज्यांना ती पत्रे आली त्यांच्याकडे सहीच्या वर दोन-चार पाने मजकूर होता.

मुरगूडच्या सभागृहात सतरंज्या गुंडाळल्या जात असताना विक्रेता हिशेब करतो. वीस टक्के सूट, काही रोख, काही मोबाइलवर आलेले पैसे, एक-दोन प्रती ‘उद्या देतो’ म्हणून गेलेल्या. उरलेल्या तो खोक्यात परत भरतो. यासाठीच तो लेखकाला आधीपासून सह्या करून ठेवू देत नाही: सही झालेली प्रत विकली गेली तर ठीक, नाहीतर प्रकाशक ती परत घेत नाही आणि दुसऱ्याच्या नावाने लिहिलेले पान कोणत्याच गिऱ्हाइकाला चालत नाही. पैसे मोजून मिळाले की मगच पुस्तक लेखकाकडे सरकवायचे, असा त्याचा नियम असतो.