मायनर बंद पडला? आधी प्लग हुंगा!

मीरा-भाईंदरमध्ये घरी ॲसिक मायनर चालवणाऱ्यांसाठी.

मशीन मध्येच रीस्टार्ट होतंय म्हणून लगेच फर्मवेअरच्या मागे लागू नका. ॲंटमायनर एस१९ सुमारे ३२५० वॅट खातो. म्हणजे २३० व्होल्टला १४ अँपिअर, तेही चोवीस तास. गीझरचा १६ अँपिअरचा सॉकेट अर्धा तास तग धरतो, दिवसभर नाही. प्लग पिवळा पडलाय, जळका वास येतोय? मेन स्विच बंद करा. जाड वायर, वेगळा एमसीबी आणि इंडस्ट्रियल सॉकेट हाच उपाय. एक्स्टेंशन बोर्ड? विसराच.

जुन्या एस९ मध्ये सहा-पिनी कनेक्टर बघा. इथल्या खाडीच्या खारट हवेत पिना गंजतात, मग गरम होतात. वीज काढून एकेक हॅशबोर्ड जोडून पाहा, दोषी सापडतो. एका हॅशबोर्डला दोन वेगळ्या पॉवर सप्लायमधून वीज मात्र कधीच देऊ नका.

पंखे फिरतायत पण पूलवर शून्य? लॅन पोर्टचा दिवा बघा. दिवा नसेल तर केबल किंवा राउटरचा पोर्ट बदला. दिवा असेल तर राउटरच्या यादीत आयपी शोधा, मग पूलचा पत्ता, पोर्ट आणि डीएनएस तपासा.

वीजबिलाचा हिशेब करा म्हणजे घाम फुटेल: एस१९ दिवसाला ७८ युनिट!