वाचकांनी रचलेला खेळ आणि त्याचं बंद पडलेलं मासिक

‘बाल्डर्स गेट ३’ हा व्हिडिओ गेम २०२३च्या ऑगस्टमध्ये आला आणि डिसेंबरात वर्षातला सर्वोत्तम गेम म्हणून गौरवला गेला. त्याची सुरुवात होते एका उडत्या, जिवंत जहाजावर. जहाज हाकतात माइंड फ्लेअर : तोंडाच्या जागी ऑक्टोपससारख्या सोंडा असलेले, माणसाचा मेंदू खाणारे जीव. तिथेच गाठ पडते लेझेलशी. ती गिथयांकी नावाच्या लढवय्या जमातीची. खेळणाऱ्याला स्वतः रानावनात वावरणारा रेंजर होता येतं, गाण्यातून जादू करणारा बार्ड होता येतं. आणि हे सारं घडतं ते फरगॉटन रेल्म्स या कल्पित जगात.

माइंड फ्लेअर, गिथयांकी, रेंजर, बार्ड आणि हे जग या पाचही गोष्टी पहिल्यांदा छापल्या गेल्या त्या छोट्या-छोट्या नियतकालिकांत. त्यातल्या चार तर खेळ काढणाऱ्या कंपनीच्या पगारी लेखकांच्या नव्हत्याच, वाचकांनी पाठवलेल्या होत्या. हे पहिल्यांदा लक्षात येतं तेव्हा माणूस थक्क होतो. मी तर अजूनही होतो.

आधी, हा व्हिडिओ गेम ज्यावर बेतला आहे त्या मूळ खेळाबद्दल थोडं सांगायला हवं. १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनीव्हा या लहानशा गावातून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते, टीएसआर ही कंपनी. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, पहिल्या आवृत्तीच्या हजार प्रती. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एकजण डंजन मास्टर होतो आणि प्रसंग उभा करतो : समोर अंधारी गुहा आहे, आतून पाण्याचा आवाज येतोय, काय करता? बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने उत्तर देतात. जमलं की फसलं हे फासा ठरवतो. कोणी जिंकत नाही, हरत नाही, गोष्ट पुढे सरकते. एकच गोष्ट कधी कधी वर्षानुवर्षं चालते.

अशा खेळाचे नियम पूर्ण होणं शक्यच नसतं. खेळणारा कधी काय करायला जाईल याचा नेम नाही. त्यामुळे पुस्तिका हातात पडताच प्रश्नांचा पाऊस सुरू झाला. १९७५च्या वसंतात टीएसआरने ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ नावाचं वार्तापत्र काढलं. पहिल्याच अंकात गायगॅक्सने माइंड फ्लेअर सादर केला. दुसऱ्या अंकात जो फिशर नावाच्या खेळाडूने रेंजर आणला. १९७६च्या फेब्रुवारीत डग श्वेगमनने बार्ड दिला. सात अंकांनंतर हे वार्तापत्र थांबलं आणि त्याच वर्षी जूनमध्ये ‘द ड्रॅगन’ सुरू झालं. संपादक होते टिम कास्क.

तिकडे इंग्लंडमध्ये १९७७ साली ‘व्हाइट ड्वार्फ’ निघालं. त्यात ‘फीन्ड फॅक्टरी’ हे सदर होतं, वाचकांनी पाठवलेल्या राक्षसांचं. १९७९ साली चार्ल्स स्ट्रॉस या शाळकरी मुलाचे गिथयांकी त्यात आले. नाव त्याने जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या एका कादंबरीतून उचललं होतं. तेच मार्टिन, ज्यांच्या पुस्तकांवरून पुढे ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका झाली. स्ट्रॉस पुढे स्वतः नावाजलेला विज्ञानकथाकार झाला. पण शाळेत असताना पोस्टाने पाठवलेला त्याचा राक्षस चव्वेचाळीस वर्षांनी लेझेल होऊन कोट्यवधींच्या खेळात वावरतो आहे!

एड ग्रीनवूडची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. हा कॅनडातला ग्रंथालयात काम करणारा माणूस. लहानपणापासून तो एक जग मनात रचत होता. १९७९पासून त्याचे लेख ‘ड्रॅगन’मध्ये येऊ लागले : कधी एखादा प्राणी, कधी जादूची पोथी. ही माहिती तो स्वतःच्या नावावर देत नसे. एल्मिन्स्टर नावाचा म्हातारा जादूगार त्या जगातून आपल्या घरी येतो आणि गप्पांच्या ओघात हे सांगून जातो, असा त्याचा बाज. पुढच्या एका लेखमालेत तर तीन वेगवेगळ्या कल्पित जगांतले जादूगार ग्रीनवूडच्याच घरात जमतात, खातात-पितात, एकमेकांना मंत्र देतात आणि यजमान बिचारा लपून सगळं टिपून घेतो. वाचकांना या जगाची ओळख अशी हप्त्याहप्त्याने झाली. शेवटी टीएसआरने ते जग त्याच्याकडून विकत घेतलं आणि १९८७ साली फरगॉटन रेल्म्सचा संच बाजारात आणला. तोवर वाचक त्या जगात आठ वर्षं रुळलेले होते.

‘ड्रॅगन’च्या १९८३च्या एप्रिल अंकात दोन वाचकांनी पिअर्सर या राक्षसावर लेख लिहिला. पिअर्सर म्हणजे गुहेच्या छताला चुनखडीच्या सुळक्यासारखा लटकणारा आणि खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर पडणारा जीव. नियमपुस्तकात त्याला मोजक्या ओळी मिळालेल्या. या दोघांनी त्याच्याकडे जीवशास्त्राच्या नजरेने पाहिलं : तो खातो काय, वाढतो कसा, नेम चुकला तर पुन्हा छतावर कसा जातो? या लेखातून राक्षसांच्या जीवनक्रमाची एक मालिकाच सुरू झाली आणि ती मासिकाच्या छापील आयुष्याच्या अखेरपर्यंत टिकली. एका क्षुल्लक राक्षसाचा इतक्या गांभीर्याने विचार करावा आणि संपादकाने त्याला पानं द्यावीत, यातच त्या मासिकाचा सगळा स्वभाव आला.

१९८६ साली त्याला ‘डंजन’ हे भावंड मिळालं. त्यात फक्त नकाशांसह तयार साहसकथा, आणि त्याही बहुतांशी वाचकांच्या. १९८८ साली ख्रिस पर्किन्स या तरुणाची कथा त्यात आली. पुढे तोच या मासिकाचा संपादक झाला आणि नंतर मूळ खेळाच्या प्रमुख कथारचनाकारांपैकी एक. वाचक, लेखक, संपादक, खेळाचा कर्ता अशी ही वाट होती आणि अनेक जण तिच्यावरून चालून गेले.

मग मासिक बंद का पडलं? १९९७ साली टीएसआर आर्थिक गर्तेत गेली, तेव्हा ‘ड्रॅगन’चे अंक काही महिने निघालेच नाहीत. ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ने ती कंपनी विकत घेतली आणि दोन वर्षांनी विझर्ड्सला हॅस्ब्रोने घेतलं. २००२मध्ये दोन्ही मासिकं चालवण्याचा परवाना पायझो या नव्या प्रकाशनसंस्थेकडे गेला. तिथे त्यांनी चांगलं बाळसं धरलं. पण १९ एप्रिल २००७ रोजी जाहीर झालं की परवाना संपतो आहे आणि आता असा मजकूर लोक इंटरनेटवर शोधतात, म्हणून यापुढे तो तिथेच मिळेल. त्या सप्टेंबरमध्ये ‘ड्रॅगन’चा ३५९वा आणि ‘डंजन’चा १५०वा अंक निघाला. बारा भागांची ‘सॅव्हेज टाइड’ ही साहसमाला ‘डंजन’च्या त्या शेवटच्या अंकात पूर्ण झाली. अर्ध्यावर सोडली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

पायझो हात बांधून बसली नाही. ऑगस्टपासूनच त्यांनी ‘पाथफाइंडर’ नावाने दरमहा साहसकथेचं पुस्तक सुरू केलं. उरलेल्या वर्गणीच्या पैशांत ते घेण्याची सोय वर्गणीदारांना दिली. त्यातूनच २००९ साली ‘पाथफाइंडर’ हा स्वतंत्र खेळ उभा राहिला आणि २०११च्या सुमारास अमेरिकेतल्या दुकानांच्या विक्रीयादीत त्याने मूळ खेळालाही मागे टाकलं. काढून घेतलेल्या मासिकाचा वाचकवर्गच त्याचा पाया होता. इंटरनेटवरचं ‘ड्रॅगन’ मात्र २०१३च्या डिसेंबरात, ४३०व्या अंकानंतर थांबलं.

मासिकं बंद करणाऱ्या विझर्ड्सचं गणित चूक होतं असं मी म्हणणार नाही. नियमाबद्दलची शंका आज मिनिटात फिटते, त्यासाठी महिनाभर कोण थांबेल? २०१६पासून तर खेळाडूंना आपली साहसकथा ‘डंजन मास्टर्स गिल्ड’ या अधिकृत बाजारात स्वतः विकताही येते. दार तिथे सर्वांना उघडं आहे, पण दारात कोणी बसलेलं नाही. ‘कल्पना चांगली आहे, शेवट पुन्हा लिहा’ असं सांगून हस्तलिखित परत पाठवणारा, आणि एकदा पसंत पडलं की शाळकरी मुलाचा मजकूर खेळाच्या कर्त्याच्या लेखाशेजारी छापणारा संपादक तिथे नाही. मासिक गेलं त्यात खरं नुकसान झालं ते या खुर्चीचं, आणि ती जागा अजून कोणी भरलेली नाही.